नथ, पैठणी आणि नाव: जुन्या चित्रांमधल्या बायकांचे कपडे नेमकं काय सांगतात?

मध्यंतरी इन्स्टाग्राम उघडलं की एकच गोष्ट दिसायची. एआयला आपला सेल्फी द्यायचा आणि साडीतला रेट्रो फोटो बनवून घ्यायचा. मराठी पोरींनी त्यात लगेच पैठणी, नथ आणि चंद्रकोर आणली. दोन मिनिटांत कुणीही सरदार घराण्यातली सून दिसायला लागली.

पण चित्रात भारी कपडे घालून आपली पत सांगायची ही आयडिया काही एआयची नाही. ती निदान पाचशे वर्षं जुनी आहे. युरोपात होती, तशी आपल्याकडेही होती. आणि आपल्याकडे तर साडी कोणती यापेक्षा ती नेसलीय कशी, यावरून माणसाची जात, लग्न आणि खिसा असं सगळं ओळखलं जायचं.

म्हणूनच जुन्या चित्रांमधल्या आणि फोटोंमधल्या बायकांचे कपडे हा फक्त फॅशनचा विषय नाही.

आधी नेदरलँड्समध्ये काय चालायचं ते बघू

सोळाव्या आणि सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये व्यापाऱ्यांकडे बक्कळ पैसा आला. पूर्वी स्वतःचं चित्र काढून घेणं हे राजेरजवाड्यांचं काम होतं. आता कापडाचा व्यापारीसुद्धा बायकोचं चित्र काढून घ्यायला लागला.

या चित्रांमधल्या बऱ्याच बायका काळ्या कपड्यांत दिसतात. आपल्याला वाटतं, किती साध्या राहायच्या. पण त्या काळात गडद, एकसारखा, न विटणारा काळा रंग चढवणं हे महागडं काम होतं. कापड अनेकदा वेगवेगळ्या रंगांत बुडवावं लागायचं. त्यामुळे काळा झगा म्हणजे साधेपणा दाखवायचा आणि श्रीमंतीही सांगायची, असा दुहेरी हिशोब होता.

गळ्याभोवतीची ती पांढरी, चुण्यांची गोल कॉलर आठवते? ती खळ घालून, इस्त्री करून कडक ठेवावी लागायची. अशी कॉलर घालून चूल फुंकता येत नाही, कपडे धुता येत नाहीत. म्हणजे घरात नोकर आहेत, हे त्या कॉलरनं परस्पर सांगून टाकलं.

रेम्ब्रांटनं १६४१ साली आगाथा बास या बाईचं चित्र काढलं. ती एका कापड व्यापाऱ्याची बायको. हातात पंखा, गळ्यात मोती आणि अंगावर बारीक विणकामाची लेस. आज जवळपास चारशे वर्षांनीही तिचं नाव आपल्याला माहिती आहे.

आता दुसरं चित्र बघा. व्हर्मीरचं ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’, साधारण १६६५ सालचं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी एक. तिचं नाव काय? माहिती नाही. कारण ते कुणा एका व्यक्तीचं पोर्ट्रेट नव्हतंच. डच लोक अशा चित्रांना ‘ट्रोनी’ म्हणायचे, म्हणजे एखादा चेहरा, एखादा वेश, एखादा भाव दाखवणारं चित्र. समोर कोण बसलंय याला महत्त्व नव्हतं.

पैसे देऊन चित्र काढून घेणारीचं नाव राहिलं. जिचा फक्त चेहरा लागला, तिचं नाव गेलं. हा फरक लक्षात ठेवा, कारण महाराष्ट्रातही नेमकं हेच झालं.

आपल्याकडे साडीआधी नेसण बघायची

जुन्या मराठी चित्रांमधली बाई बहुतेक वेळा नऊवारीत असते. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड. पण लुगडं तेच असलं, तरी नेसायची पद्धत घराघरांत वेगळी.

ब्राह्मण घरातल्या सवाष्णी मागे कासोटा घालून, पायघोळ नेसायच्या आणि पदर खांद्यावरून घ्यायच्या. मराठा सरदार घराण्यांमध्ये गोषा होता, त्यामुळे तिथल्या चित्रांत पदर डोक्यावरून आलेला दिसतो. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट ओढलेलं आणि पदर कमरेला खोचलेला. डोक्यावर पाटी घेऊन चालायचं, तर पायात घोळ अडकून कसं चालेल?

थोडक्यात, लुगडं जितकं पायघोळ, तितकं कष्टाचं काम कमी. नेदरलँड्समध्ये जे काम कडक कॉलर करायची, ते आपल्याकडे घोळ करायचा.

त्यात कापडाची भर. पैठणी रेशमाची आणि जरीच्या पदराची, म्हणजे लग्नकार्याची आणि बऱ्यापैकी पैसेवाल्या घरची. शालू बनारसचा. रोजच्या वापराला सुती लुगडं किंवा इरकल. गंमत म्हणजे काळा रंग आपल्याकडे शुभकार्याला चालत नाही, पण संक्रांतीला काळी चंद्रकळा मात्र हौसेनं नेसतात. तोच काळा रंग डच व्यापारीण रविवारी चर्चला जाताना मिरवायची.

दागिन्यांचंही तसंच. मोत्यांची नथ, तन्मणी, चिंचपेटी, हातात पाटल्या आणि गोठ हे सगळं एका चित्रात दिसलं, तर चित्रकाराला बोलावणारं घर साधं नव्हतं असं समजायचं.

राणीचं चित्र: बडोद्याची गोष्ट

राजा रवि वर्मा १८८०च्या दशकात बडोद्यात आले. तिथे महाराज सयाजीराव गायकवाड. घराणं मराठी, राज्य गुजरातेत. रवि वर्मांनी महाराजांची आणि महाराणी चिमणाबाईंची तैलचित्रं काढली.

राणीच्या चित्रात नऊवारी का महत्त्वाची? कारण आजूबाजूची प्रजा गुजराती आणि वर बसलेले इंग्रज. अशा वेळी जरीची नऊवारी म्हणजे ‘आम्ही मराठे आहोत आणि इथले राज्यकर्ते आहोत’ असं न बोलता सांगणं.

सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी १८८५ मध्ये वारल्या. त्यानंतर आलेल्या दुसऱ्या चिमणाबाई आणखी पुढे गेल्या. त्यांनी पडदा सोडला, हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या.

आणि त्यांची मुलगी इंदिरा? कूचबिहारची महाराणी झाल्यावर तिनं युरोपातल्या शिफॉनच्या साड्या नेसायला सुरुवात केली आणि ती फॅशन संस्थानांमध्ये पसरली. आईच्या साडीवरून घराणं आणि प्रांत कळायचा. मुलीच्या साडीवरून कळायचं की ही बाई पॅरिस आणि लंडनला सहज जाऊन येते.

पांढरी साडी म्हणजे सत्ता पण आणि शिक्षा पण

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण. अहिल्याबाई होळकरांचं चित्र डोळ्यासमोर आणा. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात शिवपिंड. दागिने जवळपास नाहीतच.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले. १७६७ नंतर राज्यकारभार अहिल्याबाईंच्या हातात आला. महेश्वरच्या विणकरांना त्यांनीच आश्रय दिला असं सांगितलं जातं. ज्यांच्या नावावर रंगीत महेश्वरी साडी आजही विकली जाते, त्यांची स्वतःची ओळख मात्र पांढऱ्या साडीची. त्यांच्या बाबतीत या पांढऱ्या रंगाचा अर्थ ‘राज्य माझं नाही, देवाचं आहे’ असा लावला गेला.

सामान्य घरातल्या विधवेला हा मान नव्हता. ब्राह्मण घरात नवरा गेला की केशवपन व्हायचं, कुंकू आणि चोळी जायची आणि अंगावर लाल आलवण यायचं. आलवण बघूनच समोरचा ओळखायचा की हिला शुभकार्याला बोलवायचं नाही. अशा बाईला फोटोसाठी पुढे बसवायचा प्रश्नच नव्हता.

म्हणूनच पंडिता रमाबाईंचा फोटो महत्त्वाचा. १८८२ मध्ये त्यांचे पती वारले. पण फोटोत त्या पांढऱ्या साडीत, कापलेल्या केसांनी, सरळ कॅमेऱ्याकडे बघत दिसतात. जी गोष्ट लपवायची म्हणून समाजानं ठरवली होती, ती घेऊन त्या समोर बसल्या.

देवी छान दिसते, पण समोर बसली कोण?

१८९४ मध्ये रवि वर्मांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची रंगीत चित्रं स्वस्तात छापली जायला लागली आणि गावोगावच्या भिंतींवर गेली. देवी साडी नेसलेली, दागिने घातलेली, कुठल्याही सुखवस्तू घरातली वाटावी अशी. आज कॅलेंडरवर दिसणारी देवी तिथूनच आलीये.

पण या चित्रांसाठी समोर कोण बसायचं? तेव्हाच्या ‘घरंदाज’ घरातली बाई परक्या पुरुषासमोर तासन्‌तास बसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे मुंबई-गोव्याकडच्या गायिका आणि कलावंत समाजातल्या बायका मॉडेल म्हणून बसल्या. थोर गायिका अंजनीबाई मालपेकर यांचं नाव रवि वर्मा आणि धुरंधर या दोघांच्याही चित्रांशी जोडलं जातं.

म्हणजे बघा, कपडे प्रतिष्ठित घरातले, चेहरा मात्र त्या बाईचा जिला त्या घरात मानाची जागा नाही. लोकांनी चित्राला हात जोडले. चित्राखाली नाव आलं ते देवीचं.

अंजनीबाई निदान त्यांच्या गाण्यामुळे लक्षात राहिल्या. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीनं त्यांना फेलोशिप दिली. बाकीच्या कित्येकींचं नावही शिल्लक नाही.

नाव नाही, फक्त जात

कॅमेरा आला तेव्हा वाटलं, आता सगळ्यांचेच फोटो निघणार. निघालेही. पण कसे?

१८६०च्या दशकात विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरनं मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात बायका आहेत, पुरुष आहेत, वेगवेगळे पोशाख आहेत. पण फोटोंची ओळख जातीनं आणि जमातीनं करून दिलेली. शिवाय स्टुडिओत काढलेली माणसं कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेली. म्हणजे आजच्या भाषेत बॅकग्राउंड चेंज. ब्रिटिश सरकारचा ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा प्रकल्पही (१८६८ ते १८७५) असाच माणसांची वर्गवारी करणारा.

पुढे मराठी चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी १९२०च्या सुमारास आलेल्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी चित्रं काढली. पुस्तक ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याचं. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, त्यांना नेसण, काठ, दागिना यांची बारीक जाण. त्यामुळे कपड्यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ही चित्रं आजही खजिना आहेत. पण इथेही बाई येते ती जातीची, प्रांताची किंवा धंद्याची प्रतिनिधी म्हणून. डच ‘ट्रोनी’चाच हा आपला अवतार.

आता याच्या शेजारी १० ऑक्टोबर १८८५चा एक फोटो ठेवा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात तीन विद्यार्थिनी बसल्यात. जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या तबात इस्लामबुली त्यांच्या देशाच्या पोशाखात आणि आनंदीबाई जोशी साडीत, दागिन्यांसह. फोटोवर तिघींची नावं आहेत, प्रत्येक नावामागे डॉक्टर लावलेलं आहे आणि गावाचा, देशाचा उल्लेख आहे.

साडी आणि दागिने जॉन्सनच्या फोटोंमध्येही आहेत. पण इथे बाईचं नाव लिहिलंय आणि तेवढ्यानंच फोटोचा अर्थ बदलतो.

लुगड्यावरून जात ओळखतात ना? मग नेसण बदला

कपडे म्हणजे पत, हे सगळ्यात स्पष्ट शब्दांत कुणी सांगितलं असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

डिसेंबर १९२७. महाडचा सत्याग्रह. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. त्यानंतर बाबासाहेब तिथे जमलेल्या बायकांशी बोलले. त्यांचा मुद्दा साधा होता. तुमची लुगडं नेसायची पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्या, हातातल्या कथिलाच्या आणि चांदीच्या जड दागिन्यांची चळत, यावरून लोक तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात. ती खूण टाकून द्या. लुगडं सवर्ण बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा.

आज वाचताना ही छोटी गोष्ट वाटेल. पण आखूड लुगडं ही काही त्या बायकांची आवड नव्हती. दुसऱ्यांनी ठरवून दिलेली जागा होती ती. बायकांनी लगेच ऐकलं आणि घोट्यापर्यंत लुगडं नेसूनच त्या पुढे वावरल्या.

आता १९३४ सालचा राजगृहातला आंबेडकर कुटुंबाचा फोटो बघा. त्यात रमाबाई आहेत, जाऊबाई लक्ष्मीबाई आहेत, मुलगा यशवंत आणि पुतण्या मुकुंद आहेत. सगळ्यांची नावं नोंदलेली आहेत. इतकंच काय, टॉबी या कुत्र्याचंही नाव आहे. महाडच्या भाषणानंतर जेमतेम सहा-सात वर्षांनी हा फोटो आला, हे माहिती असलं की तो नुसता फॅमिली फोटो राहत नाही.

मध्यमवर्गाची साडी

१९४०च्या दशकात आणखी एक बदल दिसतो. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं निरांजन घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र तुम्ही नक्की बघितलं असेल. एक हात ज्योतीसमोर धरलेला आणि चेहऱ्यावर तो उजेड. बरेच लोक ते रवि वर्मांचं समजतात, पण ते हळदणकरांचं आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे.

त्या चित्रासाठी हळदणकरांची मुलगी गीता उभी राहिली होती. तिच्या अंगावर राणीसारखा दागिन्यांचा भार नाही. साधी साडी आणि घरातलं निरांजन. घरातली मुलगी चित्रासाठी उभी राहू शकते आणि तिचं नाव सांगायला घरच्यांना संकोच वाटत नाही, ही त्या काळातली नवी गोष्ट होती.

मालेच्या बाईचं चित्र कुठंय?

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे निघालात की मुळशी तालुक्यातलं माले लागतं. आज तिथून जाणारे लोक धरणाच्या पाण्यासमोर थांबून सेल्फी काढतात.

रवि वर्मांचा छापखाना जिथे होता ते मळवली शेजारच्या मावळ तालुक्यात, डोंगरांपलीकडे. म्हणजे देशभरातल्या भिंतींवर जाणारी जरीच्या साडीतली लक्ष्मी इथून जवळच छापली जायची. आणि त्याच काळात या खोऱ्यातली बाई भाताच्या खाचरात, गुडघ्यापर्यंत लुगडं ओढून, डोक्यावर इरलं घेऊन लावणी करत होती.

१९२१ साली टाटांच्या धरणाविरोधात मुळशी सत्याग्रह सुरू झाला. शेतकरी उतरले, तशा त्यांच्या बायकाही उतरल्या. सेनापती बापटांचा चेहरा पाठ्यपुस्तकांमुळे आपल्या ओळखीचा आहे. त्या बायकांपैकी एकीचा तरी चेहरा डोळ्यासमोर आणून बघा.

येत नाही ना?

चित्र काढून घ्यायला पैसा लागायचा आणि फोटो काढायला शहरात जावं लागायचं. त्यामुळे आपण ‘पारंपरिक मराठी वेश’ म्हणून जो आज एआयला सांगतो, तो खरं तर त्या मूठभर घरांचा वेश आहे ज्यांची चित्रं निघाली. खाचरातल्या आखूड लुगड्याला आपण पारंपरिक म्हणतच नाही. तेही तितकंच मराठी होतं, आणि नेसणाऱ्या बायका तर कितीतरी जास्त होत्या.

मग जुना फोटो बघताना काय बघायचं?

घरात पणजीचा एखादा ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल, तर या गोष्टी तपासून बघा.

लुगडं पायघोळ आहे की आखूड? पदर डोक्यावर आहे, खांद्यावर आहे की कमरेला खोचलाय? कुंकू, मंगळसूत्र आणि बांगड्या आहेत की नाहीत? दागिने अंगाला नेहमीचे वाटतात की फोटोपुरते कुणाकडून आणलेले? मागचा पडदा स्टुडिओचा आहे की घराची ओसरी? ती बसलीये की कुणाच्या खुर्चीमागे उभी आहे?

एवढं बघितलं तरी त्या घराबद्दल बरंच काही कळेल. कदाचित जे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, तेही.

आणि मग फोटो उलटा करून बघा. मागे नाव आहे का?

अनेक घरांमध्ये असे फोटो असतात ज्यात आजोबांचं नाव सगळ्यांना माहिती असतं आणि शेजारची बाई ‘त्यांची पहिली बायको असावी’ एवढ्यावर थांबते. तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव सांगू शकणारं माणूस अजून घरात असेल, तर आजच फोन करा. पेन्सिलनं हलक्या हातानं फोटोच्या मागे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून ठेवा. ग्रुपवर फोटो टाकताना कॅप्शनमध्येही लिहा.

एआय तुम्हाला हवी ती पैठणी नेसवेल. पणजीचं नाव मात्र त्याला माहिती नसणार.